घरातल्या जीबींचा ताळेबंद

आमच्याकडे दर दीड-दोन वर्षांनी एक संवाद ठरलेला असतो. कुणाच्या तरी फोनवर स्टोरेज भरत आल्याचा मेसेज येतो, नवरा म्हणतो गुगलचा वरचा प्लॅन घेऊन टाक, महिन्याला शंभर-दोनशेचा तर प्रश्न आहे, आणि प्लॅन घेतला जातो. १५ जीबी फुकटवाले होतो ते महिना १३० रुपये भरून १०० वर गेलो, मग २०० वर. २०२४ च्या डिसेंबरात परत तोच मेसेज आला तेव्हा आता डायरेक्ट २ टीबीच घेऊन टाकू असं ठरत होतं, आणि मी म्हटलं एक मिनिट, आपण वर्षाला वाढतो किती हे कुणाला माहितीये का? ते माहीत नसेल तर २ टीबी दोन वर्षं पुरणार की वीस वर्षं हे कसं कळणार? कुणालाच माहीत नव्हतं. मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर ओपनिंग-क्लोजिंग जुळवत बसते, त्यामुळे "भरलं की मोठं घ्या" असलं काही ऐकलं की मला पित्तच होतं. तर जानेवारीत बसले वही उघडून. वही म्हणजे अर्थात एक्सेल.

आधी स्टॉक टेकिंग. ठाण्यात घोडबंदर रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं पाच (आम्ही दोघं, तेव्हा नववीतली मुलगी, प्रायमरीतला मुलगा आणि सासरे), पण डेटा ठेवायच्या जागा मोजायला लागल्यावर यादी संपेचना. दोन लॅपटॉप, चालू फोन चार, बंद पडलेले पण "असू दे" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेले आणखी काही, एक टॅब, दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पेनड्राइव्हचा डबा, जुन्या कॅमेऱ्याची मेमरी कार्डं, गुगलची चार अकाउंट्स आणि सीड्यांचं ते चेनवालं पाऊच. सीडी वाचायला आता घरात यंत्रच नाही. नेरूळहून दीराचा यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह मागवला. काही सीड्यांवर पावसाळ्यांनी नक्षी काढली होती, दोन-तीन तर नुसत्या खडखड करून गप्प बसल्या, त्या सोडून दिल्या. आमच्या लग्नाच्या २००७ च्या दोन डीव्हीड्या मात्र चालल्या, एकेका जीबीच्या व्हीओबी फाइलींचे तुकडे, मिळून ८ जीबी. त्यात दीड तास नुसता आहेर चाललाय.

मग पहिली अडचण आली ती मापाची. हार्ड डिस्कच्या खोक्यावर १ टीबी, लॅपटॉप दाखवतो ९३१ जीबी. फसवणूक नाहीये ही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि वर लिहितं मात्र जीबीच. म्हणजे एक लाख कोटी बाइट तेच, भागाकार वेगळा. आयफोन हजारानं भागतो, विंडोज १०२४ नं, म्हणजे एकच फोल्डर दोन ठिकाणी दोन आकडे दाखवणार आणि जीबीच्या पातळीला हा फरक सात टक्क्यांच्या आसपास जातो. सात टक्के फरक असलेलं स्टेटमेंट मी ऑफिसात कुणाकडून घेणार नाही. म्हणून ठरवलं की एक्सेलमध्ये फक्त बाइट लिहायचे आणि शेवटी मीच १०० कोटीनं भागणार. खाली जे आकडे देतेय ते सगळे असेच आहेत.

भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला "मामी, हाताने कशाला करतेस, पॉवरशेलमध्ये दोन ओळी टाक." पॉवरशेल म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायची जागा. दोन ओळींच्या शेवटी चाळीस झाल्या पण काम झालं. प्रत्येक डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचं नाव, जागा, साइज, तारीख आणि एक ठसा, असं सगळं सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या यादीत. ठसा म्हणजे एसएचए-२५६ नावाचा हॅश. फाइल दहा केबीची असो की दहा जीबीची, तिच्यातून ६४ अक्षरांची एकच ओळ निघते, फाइलचं नाव बदला, फोल्डर बदला, ओळ तीच राहते, आणि आत एक बिट जरी हलला तरी पूर्ण वेगळी ओळ. डुप्लिकेट शोधायला याच्याइतकं सोपं काही नाही. सगळ्यांचा ठसा काढायचीही गरज नसते, ज्यांची साइज अगदी बाइटपर्यंत सारखी आहे तेवढ्यांचाच काढायचा, निम्मा वेळ वाचतो. तरी जुन्या यूएसबी २ वाल्या डिस्कला अख्खी रात्र लागली. विंडोजच्या स्वतःच्या फाइली सोडून द्यायच्या हे पण त्यानेच सांगितलं, नाहीतर एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळी पुरत नाहीत.

टोटल आली २,७४० जीबी. आणि त्यातलं एकदम वेगळं, म्हणजे एकमेव असं, फक्त १,१८०. बाकीचे १,५६० जीबी निव्वळ कॉप्या!

नवऱ्याचा विश्वास बसेना, माझाही बसला नसता, म्हणून एक फाइल धरून मागे गेलो. २०१३ च्या उन्हाळ्यातला मुलीचा उपवनच्या तळ्याकाठचा फोटो. तो नऊ ठिकाणी सापडला. कसा, तर आपण फोन बदलताना काय करतो, जुन्या फोनमधलं सगळं लॅपटॉपवर "जुना फोन" नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. मग तेच सगळे फोटो नव्या फोनमध्ये पण ट्रान्सफर करतो, कारण बायको-मुलांचे फोटो हाताशी पाहिजेत. तीन वर्षांनी नवा फोन जुना होतो, त्याचं परत "जुना फोन २". त्याच्या पोटात पहिला अख्खा आहेच. मग लॅपटॉप बदलतो, तेव्हा जुन्या लॅपटॉपचा डी ड्राइव्ह उचलून हार्ड डिस्कवर, त्यात दोन्ही. म्हणजे प्रत्येक कॉपीत आधीच्या सगळ्या पिढ्या, मारुतीच्या शेपटासारखं ते वाढतच जातं. खरा डेटा वर्षाच्या वर्षाला वाढतो पण कॉप्या वाढतात त्या आत्तापर्यंतच्या सगळ्या बेरजेने, त्यामुळे नवीन एकही फोटो काढला नाही तरी फोन बदलला की घरात शे-दोनशे जीबी वाढणार.

आणि याला बॅकअप म्हणत नाहीत हे मला तेव्हा जाणवलं, कारण २०२३ च्या पावसाळ्यातल्या काही फोटोंची कॉपी एकही नव्हती आणि उपवनच्या फोटोच्या नऊ. बॅकअप असतो तो ठरवून, कुठे आहे ते माहीत असलेला. बाकीचा सगळा पसारा. माझ्या वहीत बॅकअपला मी वेगळा कॉलम दिलाय आणि तो शिल्लकेत धरत नाही.

हॅशने सगळ्या कॉप्या सापडतात असंही नाही हां. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणजे बाइट वेगळे, ठसा वेगळा. गुगल फोटोजवर २०१५ पासून जे फुकट अमर्याद ठेवायला मिळत होतं (१ जून २०२१ ला ते बंद झालं) ते पण थोडं दाबूनच ठेवलं जायचं, त्यामुळे टेकआउटने (गुगलवरचा आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गुगलचीच सोय) सगळं खाली उतरवलं तेव्हा त्या काळातल्या फोटोंच्या दोन-दोन आवृत्त्या निघाल्या, एक डिस्कवरची मूळ आणि एक वरून आलेली. शिवाय टेकआउटमध्ये अल्बममध्ये टाकलेला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये पण येतो आणि अल्बमच्या पण, ते वेगळंच. सगळ्यात भारी निघालं नवऱ्याचं आधार. ई-आधारच्या पीडीएफवर डाउनलोडची तारीख छापलेली असते, म्हणून प्रत्येक वेळी डाउनलोड केलेली फाइल नवी. आधार, आधार कलर, आधार फायनल, आधार बँकेसाठी, आणि कंसात आकडे असलेली बाकीची. माणूस एक, आधार एक, फाइली त्रेचाळीस.

आता खरा प्रश्न, वर्षाला किती. इथे मला वाटलं होतं पिव्हट टेबल टाकलं की झालं, तारखेचा कॉलम आहेच. पण फाइलची तारीख हे प्रकरण आमच्या ऑफिसातल्या व्हाउचरपेक्षा बेभरवशाचं आहे. टेकआउटमधून आलेल्या सगळ्या फोटोंवर अनझिप केल्याची तारीख, खरी तारीख शेजारच्या जेसन फाइलमध्ये. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची आतली बॅटरी गेलेली, त्यामुळे मुलीच्या बारशाचे फोटो तिच्या जन्माच्या आठ वर्षं आधीच्या १ जानेवारीचे. फोटोच्या पोटात एक्झिफ म्हणून नोंद असते त्यात शटर दाबल्याची तारीख मिळते, एक्झिफटूल नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने ती एका झटक्यात सगळ्या फोटोंची काढता येते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती नोंदच पुसली गेलेली असते. तिथे मग नावावर जायचं, कारण अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप फाइलच्या नावात तारीख टाकतं, आयएमजी, डॅश, वर्ष-महिना-दिवस, मग डब्ल्यूए आणि नंबर. तर क्रम असा लावला: आधी एक्झिफ, ते नसेल तर नावातली तारीख, ते पण नसेल तर मग विंडोज सांगेल ती.

यात एक तात्त्विक भांडण पण झालं. सासऱ्यांच्या मुंजीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो कुणा चुलत आत्याने २०१९ मध्ये ग्रुपवर टाकला. हा २०१९ चा डेटा की १९५८ चा? नवरा म्हणे फोटो ज्या वर्षीचा त्या वर्षीचा. मी म्हटलं घरात आला कधी? माल गोदामात आला तो दिवस. आपण जागा किती लागते ते मोजतोय, इतिहास लिहीत नाहीये. तर आवक तारीख धरायची ठरलं. सासरे म्हणाले "सूनबाई, मग माझी मुंज दुसऱ्यांदा लागली म्हणायची."

आकडे आले ते असे. २००६ पर्यंतचं सगळं मिळून ३ जीबी. २००३ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या आमच्या पहिल्या पीसीची हार्ड डिस्कच ४० जीबीची होती आणि ती आयुष्यात भरली नाही. २००७ ते २०१२ या सहा वर्षांचे ६१, त्यात लग्न आणि मुलीचं पहिलं वर्ष. २०१३ ते १६ चे ११८. मग २०१७ च्या एका वर्षाचेच ७४. यात गूढ काही नाही, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट, आणि सगळ्या काका-मामा-आत्यांनी एकदम व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्याच्या आधी व्हिडिओ आला की लोक "वायफायवर बघतो" म्हणायचे, आठवतंय? पुढे २०१९ चे ९६. २०२० मध्ये मात्र खाली, ८८. मार्चनंतर एक सहल नाही, लग्नकार्य नाही, फोटो कसले निघणार. पण फोटोंची संख्या खाली आलेली नाही, आणि हे कोडं उघडून बघितलं तर साडेचार हजारांच्या आसपास फोटो नुसते वहीच्या पानांचे! ऑनलाइन शाळा. पाचवीचा भागाकार, परिसर अभ्यास, एका पानाचे तीन-तीन फोटो कारण बाईंना नीट दिसत नाहीये. मुलगी म्हणाली डिलीट कर, मी ठेवलेत, पंधरा जीबी पण नाहीत ते.

२०२२ ला १६३, २०२३ ला १८६ आणि २०२४ ला २०२. म्हणजे पाच वर्षांत दुपटीच्या वर. नवऱ्याचं म्हणणं की मुलं मोठी झाली, फोटो जास्त काढतो आपण. मला पण तसंच वाटत होतं, पण एक्सेल समोर होतं तर बघितलं. २०१९ मध्ये आमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांतले फोटो ७,९०० आणि व्हिडिओ ४१० मिनिटांचे. २०२४ मध्ये फोटो ८,३००, व्हिडिओ ४३० मिनिटं. जवळजवळ तेवढंच की! फोटोंची जागा दोन्ही वर्षी २५ जीबीच. फरक सगळा व्हिडिओत, तेवढ्याच मिनिटांचे तेव्हा ५३ जीबी होते ते आता १४१. म्हणजे आमचं आयुष्य काही जास्त घडत नाहीये, ते फक्त जास्त पिक्सेलमध्ये साठतंय.

मुलीचा फोन मामाने दिलेला जुना आयफोन. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सरळ लिहिलेलं असतं, एका मिनिटाला १०८०पी ला ३० फ्रेमवर साधारण ६० एमबी, ४के ला ६० फ्रेमवर ४०० एमबी. तिचं अर्थातच शेवटच्यावर लावलेलं. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग होतं घाणेकर नाट्यगृहात, चिरंजीवांचा कोळी डान्स सहा मिनिटांचा. ताईसाहेबांनी ४के मध्ये काढला, २.४ जीबी. त्यात पुढच्या रांगेतल्या बाबांचं डोकं पण ४के मध्ये आहे, एकेक केस मोजता येतो. नवऱ्याने वेगळा काढला, मी वेगळा काढला, आणि नंतर वर्गाच्या ग्रुपवर बाकी पालकांचे आले ते वेगळेच. सगळ्यांत तोच डान्स, सगळ्यांत आमचा मुलगा उजवीकडून तिसरा, आणि हॅशच्या दृष्टीने एकही फाइल डुप्लिकेट नाही.

कागदपत्रांचं मात्र उलट. फ्लॅटचं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, पॉलिस्या, मार्कशीट्स, मालमत्ता कराच्या पावत्या, आयटी रिटर्न, हे सगळं मिळून एक जीबी पण भरत नाही. घर जळलं तर ज्यासाठी पळावं ते एक हजाराव्या हिश्शाहूनही कमी. त्यातच सासऱ्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी असताना टाइप केलेली इतिवृत्तं सापडली, १४ एमबी, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली. उघडली की नुसता कचरा दिसतो, कंस, डॉलर, टोप्या. तो फॉन्ट आता कुठल्याच लॅपटॉपवर नाही. एक कन्व्हर्टर मिळालाय, अर्धी जोडाक्षरं तुटतात पण वाचता येतं. १९९९ मध्ये पण पार्किंगवरूनच भांडत होते.

इथवर आल्यावर मी खुशीत होते, आलेख पण काढला, छान वर चढणारी रेघ. मग रात्री लक्षात आलं की हे वाढीचं चित्रच नाहीये. हे आज जे शिल्लक आहे त्याचं वर्षवार वर्गीकरण आहे. २०११ मध्ये आमची एक डिस्क बसली होती, तिच्यात मुलीचे पहिले दोन वाढदिवस होते, म्हणजे २०१० आणि ११ ची रेघ खाली दिसते ती आम्ही कमी फोटो काढले म्हणून नाही तर ते गेले म्हणून. जुनी वर्षं दरवेळी गाळून गाळून आलेली आहेत. फोन बदलताना गाळली, सीड्या सडल्या त्यात गाळली. आणि २०२४ अजून कुणी गाळलेलंच नाही, कच्चं आहे. आजच्या गोदामात २०१० चा माल किती पडलाय यावरून २०१० ला खरेदी किती झाली ते निघत नाही, हे मी कुठल्याही आर्टिकलशिपच्या पोराला सांगितलं असतं. वाढ मोजायची तर ठराविक तारखेला शिल्लक लिहून ठेवायची आणि पुढच्या तारखेला परत लिहायची, दुसरा उपाय नाही.

म्हणून मग २०२५ भर ते केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी पोहे झाले की सगळे फोन टेबलावर. स्क्रिप्ट चालते, मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून बघते, नवीन आलेलं आवक, गेलेलं जावक, उरलेलं शिल्लक, प्रत्येक माणसाचा वेगळा कॉलम. फोन जोडायचा कंटाळा येतो तेवढाच त्रास, बाकी अर्ध्या तासात आटपतं. मुलगी याला "ऑडिट" म्हणते आणि आधीच्या रात्री काहीतरी डिलीट करत बसते, तिला माहीत नाही की तिची जावक पण दिसते.

वर्षाचा हिशोब, आरंभी १,१८०, आवक २३६, जावक ५८, अखेरची शिल्लक १,३५८. निव्वळ वाढ १७८. आवकेत मुलीचे १२१, नवऱ्याचे ४७, सासऱ्यांचे ३३, माझे ३१ आणि टॅबवर ४. महिने बघितले तर परीक्षेच्या मार्चमध्ये जेमतेम आठ-नऊ जीबी, मे मध्ये गावाला गेलो तेव्हा ३१, आणि सगळ्यात जास्त ७ सप्टेंबरच्या रविवारी, ४४. अनंत चतुर्दशी शनिवारी होती ना, सगळ्यांचे फोन ताजे विसर्जन करून आलेले. एका आरतीचे तर घरातल्याच तिघांनी काढलेले व्हिडिओ, मोदक वाफेवर असताना उकडीच्या भांड्याचा पण एक.

सासऱ्यांचे ३३ बघून मला आश्चर्य वाटलं, कारण ते फोटो काढतच नाहीत. ते सगळं व्हॉट्सॲप. सुप्रभात, सुविचार, गुडघेदुखीवर एरंडेल, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे तासातासाचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेजच्या सेटिंगमध्ये गेलं की ५ एमबीच्या वरच्या फाइली वेगळ्या दिसतात आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या, तिथून साफ करायला सोपं जातं. पण फोनच्या आत आणखी एक सेंट नावाचं फोल्डर असतं, आपण गॅलरीतून पाठवलेल्याची कॉपी त्यात जमा होत जाते, ते कुणाला माहीत नसतं. आणि आधी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलच्या कोट्यात धरला जात नव्हता, २०२४ पासून धरायला लागले, म्हणजे आमचा डिसेंबरातला मेसेज अर्धा तरी एरंडेलाच्या खात्यावर होता. ऑटो डाउनलोड बंद करून दिलं. जावकेतले २६ जीबी त्यांचेच आहेत, आणि विचारून विचारून डिलीट केलंय, कारण मधूनच "थांब, हे आपल्या बुवांचं शेवटचं भजन आहे" असं निघतं. ती क्लिप तीन एमबीची आहे. तिला बॅकअपच्या कॉलममध्ये सगळ्यात वर टाकलंय.

मुलीला १०८०पी कर म्हटलं तर "आई, तुला कळत नाही, क्रॉप करायला ४के लागतं." शेवटी तह झाला, ६० फ्रेमचं ३० वर आणलं आणि ४के फक्त डान्सच्या रीलला. तेवढ्यावर ऑक्टोबरपासून तिचा कॉलम निम्म्यावर आला. मी कितीही आरडाओरडा करून डिलीट करायला लावलं असतं तरी एवढं झालं नसतं, एक सेटिंग बदललं की झालं. जागा वाचवायची असेल तर जुनं पुसत बसण्यापेक्षा नवीन येतंय ते कुठल्या मापात येतंय ते बघा, मला तरी यात हेच कामाचं वाटलं.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाते. ऐरोली सोडलं की रबाळेच्या बाजूला त्या प्रचंड मोठ्या, खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या बिल्डिंगा दिसतात, गच्चीवर कूलिंगची यंत्रं, खाली जनरेटर. आधी मला ती कोल्ड स्टोरेजं वाटायची. आता त्यांच्याकडे बघताना डोक्यात हेच येतं की आत कुणाकुणाचं आधार किती वेळा पडलं असेल.

आमच्या वहीत न आलेलं पण बरंच आहे म्हणा. नवऱ्याच्या टेकआउटमध्ये फोटोंच्या ढिगाशेजारी "माय ॲक्टिव्हिटी" नावाचं फोल्डर होतं, एवढंसं, काही एमबींचं. त्यात त्याने वर्षानुवर्षं काय शोधलं ते ओळीने. २०१४ मध्ये मध्यरात्री "बाळाला उचकी थांबत नाही". साइजच्या हिशोबात याला शून्यच म्हणावं लागेल पण शंभर जीबी व्हिडिओंपेक्षा आमच्याबद्दल यातून जास्त कळतं. नवऱ्याने ते बघितलं आणि लगेच ऑटो-डिलीट चालू केलं, अठरा महिन्यांनंतरचं आपोआप जाईल असं. मी ते कुठल्या कॉलमला टाकायचं ते अजून ठरवलेलं नाही.

बाकी प्लॅनचं म्हणाल तर २ टीबी घेतला नाही. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक घरी, एक दीराकडे नेरूळला, आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो तेव्हा अदलाबदल होते आणि त्यांचा पण डेटा आमच्याकडे येतो, म्हणजे व्याही-भोजन दोन्ही बाजूंनी. क्लाउडवर २०० जीबीच ठेवलेत, त्यात कागदपत्रं आणि निवडलेले फोटो. १७८ च्या हिशोबाने ४ टीबी मला चौदा-पंधरा वर्षं जातील, पण तसं होणार नाही हे मलाही कळतं, कारण जूनमध्ये मुलगी अकरावीला जाईल, तिला नवा फोन हवाय आणि तिचा जुना तिच्या भावाकडे जाणार आहे. त्याचा कॉलम आखून ठेवलाय. त्याने आत्ताच विचारून घेतलं की आठके असतं का.